एका हाताने सुरू होणारी मोटार

जूनचा दुसरा आठवडा लागला की माझ्या दुकानाचा वास बदलतो. एरवी तिथे डिझेल, ग्रीस आणि शेजारच्या हॉटेलातले आलुबोंडे यांचा मिळून एक वास असतो, आणि त्यातला आलुबोंड्यांचा सोडला तर बाकीचा मला आता येतही नाही. पण या आठवड्यात वैनगंगेच्या काठच्या टोल्यांमधून, लहान वस्त्यांमधून, नावेला लावायच्या मोटारी यायला लागतात. कुणी बैलबंडीत घालून आणतो, कुणी मोटरसायकलवर मागच्या माणसाच्या मांडीवर आडवी टाकून आणतो. गोणपाट सोडलं की मागच्या दिवाळीपासून आत बसून बसून आंबलेल्या पेट्रोलचा भपकारा येतो. जुन्या वार्निशासारखा, नाकात चिकटून बसणारा. माझी बायको नसीम या दिवसांत माझा शर्ट चिमटीत धरून धुवायला टाकते. मला विचाराल तर माझं वर्ष या वासानेच सुरू होतं.

यंदाही तो आला, आणि यंदाही मला कोसमटोलीचा तो पावसाळा आठवला. त्या पावसाळ्यात मी पुष्कळ शिकलो, आणि शिकायचं माझं वय निघून गेलंय अशी माझी पक्की समजूत होती.

मी बशीर मिस्त्री. सावलीच्या बसस्टँडामागे माझं इंजिन-दुरुस्तीचं दुकान आहे. पाण्याचे पंप, जनरेटर, फवारणीची यंत्रं, धान काढायच्या मशिनी, जे म्हणून फटफट करतं ते माझ्याकडे येतं. अब्बाही हेच करायचे. त्यांनी मला आधी कार्बोरेटर शिकवला आणि मग बाकीचं इंजिन. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं तोंड. तिथे पेट्रोल आणि हवा एकमेकांत कालवली जातात, वरणभातासारखी. एक कमी-जास्त झालं की घास अडकतो. त्यात पितळेचा एक बारीकसा तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात, आणि त्याच्या आरपार सुईच्या टोकाएवढं भोक. शिळं पेट्रोल सुकून ते भोक बुजलं की मोटार रुसते. त्यात तार खुपसायची नाही, हा अब्बांचा नियम. तारेने भोक मोठं होतं आणि मोटार जन्मभर पेट्रोल पीत राहते. मासे धरायच्या जाळ्याचा एक नायलॉनचा धागा घ्यायचा आणि तो हळूच ओवायचा. भोकातून पलीकडचा उजेड दिसला की अब्बा म्हणायचे, "देख, आँख खुल गई."

चाळीस वर्षं मी असे डोळे उघडत आलो. नुसत्या आवाजावरून मी सांगायचो की हिला हवा जास्त होतेय, हिचा प्लग गेलाय, हिच्या पेट्रोलात पाणी आहे. लोक म्हणायचे, बशीरभाऊच्या कानात मीटर आहे. आपल्याला कुणी असं म्हटलेलं आवडतं. मला जरा जास्तच आवडायचं.

कोसमटोलीच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला नाला. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फिरतं. लोक म्हणतात, दाब बसला. दाब बसला की पांदण, धानाच्या बांध्या, बेशरमाची झुडपं सगळं पाण्याखाली जातं आणि डांबरी रस्त्यापर्यंत नुसता गढूळ पसारा होतो. बाभळीचे शेंडे पाण्यावर आलेले, त्यांना लाल मुंग्यांचे गोळे लटकलेले, विजेच्या तारा नावेतल्या माणसाच्या डोक्याशी आलेल्या. अशा दिवसांत गावाला बाहेर पडायचं तर मासेमार सोसायटीची एक मोठी नाव आणि तिच्यावरची एक जुनी मोटार, एवढाच आधार.

शेवंताबाई त्या गावातली. मारोती नावाच्या सोसायटीच्या मेंबराची बायको, वय चाळिशीच्या आसपास. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गडचिरोलीच्या दवाखान्यात जाऊन चार-चार तास मशीनला लागायचं, तेव्हा रक्त धुऊन मिळायचं. एक खेप हुकली की पाय सुजतात. दोन हुकल्या की श्वास लागतो. तिसरीबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे.

मी सांगतोय त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिच्या ओळीने दोन खेपा हुकल्या होत्या. दोष नदीचा नव्हता, मोटारीचा होता. जुनी मोटार सुरू करायची म्हणजे चोक ओढा, पेट्रोलचा रबरी गोळा दाबा, पाय नावेच्या काठाला रोवा आणि जिवाच्या आकांताने सात-आठदा दोरी ओढा. त्यात त्या आठवड्यात जेट बुजला. मला फोन आला तेव्हा मी वर्ध्याला भाचीच्या लग्नात बिर्याणीच्या डेगीपाशी उभा होतो. "आल्यावर बघतो," म्हणालो. पाण्याला ओढ होती, लहान डोंगा घालायची कुणाची छाती होईना. शेवटी ओढ जरा कमी झाल्यावर दोघांनी वल्ही मारत तिला पलीकडे नेलं, तेव्हा तिला आडवंही होता येत नव्हतं. बसून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, असं नंतर कळलं. मी परत येऊन जेट साफ केला. वीस मिनिटं लागली.

पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीला नवी मोटार मंजूर झाली. दोन प्रकार होते आणि कोणता हवा ते सोसायटीने लिहून द्यायचं होतं. एक कार्बोरेटरची, जुन्या मोटारीचीच धाकटी बहीण. दुसरी इंजेक्शनची, म्हणजे जिच्यात पेट्रोल किती द्यायचं हे आतला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो आणि बारीक पिचकारीने ते आत सोडतो. गावाने मला बोलावलं. मोहाच्या झाडाखाली सतरंजी, सोसायटीचे अध्यक्ष, पंधरा-वीस माणसं, मागे बायका.

"मिस्त्रीभाऊ, तुमीच सांगा," अध्यक्ष म्हणाले. "आमी ते रंगीत कागद पाहून काय करू?"

मला सांगायला काय, मी तयारच होतो. "कार्बोरेटरवालीच घ्या. इंजेक्शनवालीत कॉम्प्युटर राह्यते. बिघडली तं नागपूरचा मानूस लागन, तो कवा येईन देव जाने. आन आपल्या इथलं पेट्रोल म्हंजे किराण्याच्या दुकानातल्या पान्याच्या बाटलीतलं. ते तिले पचणार नाई. कार्बोरेटर बिघडला तं मी हावो ना."

माणसांनी माना डोलावल्या. मागून शेवंताबाईचा आवाज आला. "आन तुमी नसले तं?"

"मी कुठी जातो बाई?"

"लग्नाले," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी सतरंजीचा एक दोरा ओढत बसलो.

"मले त्या दोन्ही मोटारीतलं काई समजत नाई," ती म्हणाली. तिने डावा हात पुढे केला. कोपराच्या वर एक दोरखंडासारखी फुगलेली नस होती. मशीनची सुई टोचायला डॉक्टरांनी तिथे दोन नसा जोडून दिलेल्या. त्या हाताने वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, झोपेत त्याच्यावर अंगसुद्धा टाकायचं नाही. "मले एवढंच सांगा. एका हातानं कोनती सुरू होते?"

उत्तर मला ठाऊक होतं. इंजेक्शनवालीला चोक नाही, बॅटरीही लागत नाही. दोरी हलकी असते, आणि बसल्या बसल्या एकदा-दोनदा ओढली की काम होतं. हे मी कागदावर वाचलं होतं आणि सभेत बोललो नव्हतो.

"इंजेक्शनवाली," मी म्हणालो. "पन..."

"पन-बिन राहू द्या. मले हप्त्याले दोनदा टोचून घ्या लागते. मोटारीले बी एक इंजेक्शन राह्यलं तं काय बिघडलं?" आता मात्र लोक हसले.

मारोतीला हसू आलं नव्हतं. "म्हंजे तू चालवशील का मोटार?"

"तुमी रोवणीवर गेल्यावर नदी काय थांबून राह्यते का? एकाले शोधा, त्याच्या हातापाया पडा, तो हात धुऊन येईस्तोवर ऑटो निघून जाते. मंगळवार मंगळवारीच येते, शुक्रवार शुक्रवारीच येते. मले माहा मंगळवार माह्या हातानं गाठाचा हाय."

तिने हे ओरडून सांगितलं नाही. भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगावं, तसं सांगितलं. अध्यक्षांनी तिथेच कागद मांडीवर घेऊन इंजेक्शनवालीचं नाव लिहिलं.

घरी येऊन मी नसीमला म्हटलं, "लोकांना नवीन पाहिजे. बिघडली की कळेल." ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "इंजन की सब सुनते हो, आदमी की कब सुनोगे?" त्या रात्री मी जेवलो कमी. मनात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येत होती. मी त्या लोकांना कार्बोरेटर घ्या म्हणालो, कारण तो मला दुरुस्त करता येतो. मोटार बिघडावी, गावाने मला हाक मारावी, मी जावं, डोळा उघडावा आणि लोकांनी म्हणावं, वा बशीरभाऊ. या सगळ्यात शेवंताबाईचे ते आठ-दहा दिवस मी कुठे धरलेच नव्हते. मला लाज वाटली. खरी, कानशिलं गरम करणारी लाज. पन्नाशी उलटल्यावर अशी लाज वाटणं फार अवघड जातं, पण वाटली ते बरं झालं.

तशी कार्बोरेटरची बाजू मी आजही सोडलेली नाही. जंगलात, नदीच्या मधोमध, हातात एक पाना आणि जाळ्याचा एक धागा असला तर माणूस त्याला पुन्हा जिवंत करू शकतो. तो आपलं दुखणं लपवत नाही, खोकतो, शिंकतो, धूर सोडतो. इंजेक्शनवाली चालते तेव्हा गुमान चालते आणि रुसली की तितकीच गुमान बसते. तिला पेट्रोल स्वच्छ लागतं, ओल चालत नाही. पण दुरुस्त करता येणं वेगळं आणि बंद न पडणं वेगळं, हे माझ्यासारख्या दुरुस्तीवर पोट भरणाऱ्याच्या लक्षात उशिरा येतं. कुणाला कशाची गरज आहे ते त्या माणसालाच विचारावं लागतं.

मग मी ठरवलं, की घेतच आहेत तर मला तिची दुरुस्ती यायलाच पाहिजे. मोटार विकणाऱ्यांना फोन करून करून त्यांच्या डोक्याचं भरीत केलं, तेव्हा त्यांनी तीन दिवस नागपूरच्या वर्कशॉपात येऊन बसायला परवानगी दिली. तिथे सगळे माझ्या मुलांच्या वयाचे. शिकवणारा मला 'अंकल' म्हणायचा. त्याने लॅपटॉपची वायर मोटारीला जोडली आणि पडद्यावर मोटारीची सगळी कुंडली उतरली. मी सवयीने कान पुढे केला तर म्हणाला, "अंकल, सुनने की जरूरत नहीं." मी कान मागे घेतला आणि वही काढली. तीन दिवसांत अर्धी वही भरली, मराठी-उर्दू मिसळून, नसीमलाही वाचता येणार नाही अशी.

नवी मोटार आल्यावर गावात गेलो तेव्हा तीन गोष्टी घोकून घेतल्या. पेट्रोल पंपावरून कॅनमध्येच आणायचं, बाटलीतलं नाही. पाणी अडवणारी गाळणी दर आठवड्याला रिकामी करायची. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. जुन्या मोटारीत तेल पेट्रोलातच मिसळायचं, म्हणून ती कशीही आडवी टाकली तरी चालायची. हिच्या पोटात तेल वेगळं आहे. आडवी ठेवायची तर डाव्या कुशीवरच. उजव्या कुशीवर ठेवली तर ते तेल जिथे जायला नको तिथे उतरतं. शेवंताबाईने तिन्ही गोष्टी मला उलट म्हणून दाखवल्या. मारोतीनेही म्हणून दाखवल्या. ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या तिच्या सासूला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आषाढात ती मोटार चालवायला शिकली. रिकाम्या बांध्यांत गुडघाभर पाणी साचलं होतं, तिथेच. उजव्या हाताने दोरी, उजव्या हातानेच हँडल, डावा हात मांडीवर पदरात गुंडाळून ठेवलेला. पहिल्या दिवशी नाव तीनदा बांधावर चढवली. बेशरमाच्या झुडपात पंखा अडकला की मारोती किनाऱ्यावरून ओरडायचा आणि ती त्याला ऐकूच न आल्यासारखी पंखा वर उचलून पुन्हा खाली सोडायची. धानाची रोपं लावायला, रोवणीला आलेल्या बायका कंबरेवर हात ठेवून बघत राहायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी बघणं सोडलं, म्हणजे ती नीट चालवायला लागली.

आणि मग श्रावणातला एक मंगळवार. वरच्या धरणाचं पाणी सोडलेलं, दाब रात्रीतूनच बसलेला. सकाळी सातला मी दुकानाचं शटर उचलतो तोच तिचा फोन.

"मिस्त्रीभाऊ, दोरी येऊनच नाई राह्यली. अर्ध्यात अडकते."

"जोर लावू नोका. मारोती कुठी हाय?"

"मोटार नावेवर बसवून देल्ली आन ढोरं टेकडीवर नेवाले गेले. इथी मी आन माह्यी सासू. फोन तिच्याच हातात हाय."

दोरी अडकते म्हणजे तेल सिलिंडरात उतरलंय, हे माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर होतं. मी विचारलं, "राती कोनत्या कुशीवर ठेवली होती?"

"डाव्या. तुमीच तं सांगतलं."

मग म्हातारी म्हणाली, "उजव्या."

इथे मला सांगायला हवं की कोसमटोलीत मोटार कधी नावेवर सोडत नाहीत. पुरात वाहत आलेली लाकडं तिला ठोकर देतात, म्हणून संध्याकाळी लाकडी बल्लीला बांधून दोघं जण ती घरी आणतात आणि ओसरीत भिंतीलगत ठेवतात. दुसऱ्या दिवशी तिची खेप, म्हणून त्या रात्री मोटार पहिल्यांदाच शेवंताबाईच्या ओसरीत आली होती, आणि त्या ओसरीची भिंत दक्षिणोत्तर.

"डोस्कं उत्तरेले होतं बाप्पा तिचं," म्हातारी सांगत होती. "आपून घरात कोनाले तसं निजवतो का? मुडद्याले निजवतेत तसं. मले झोपच येईना. मंग मारोतीले उठवलं, म्हनलं फिरव हिले. त्यानं फिरवली, तं पंखा वाटंत आला. कोनाच्या पायाले लागन म्हून कूस पालटवली."

"आन त्याले ठाऊक होतं ना, उजव्या कुशीवर नाई ठेवाची?"

"होतं. पन मायले कोन नाई म्हनन, मिस्त्रीभाऊ?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. सुनेचा जीव ज्या मोटारीवर टांगलेला, ती घरात मेल्यासारखी निजलेली त्या म्हातारीला बघवली नव्हती. आणि रागवायला वेळही नव्हता. ऑटो साडेआठला रस्त्याला लागणार होता आणि दवाखान्यातली तिची पाळी दुसऱ्या कुणाला गेली असती. मी रस्त्याच्या कडेला शटर अर्धवट उघडं टाकून उभा राहिलो आणि वही न बघता बोलू लागलो.

"लाल क्लिप काढा, म्हंजे मोटार मधीच चालू होनार नाई. पेट्रोलची नळी काढा. वरचं झाकन काढा. दोन काळ्या टोप्या दिसतेत? त्या ओढा. खाली प्लग हाय. मोटारीसंगं जो पाना आला, तो त्याच्यावर बसवा. उजव्या हातानं."

"उजव्याच हातानं करून राह्यली," ती म्हणाली. दम लागल्याचं मला ऐकू येत होतं. मग, "एक निघाला." बऱ्याच वेळाने, "दुसरा बी."

"आता दोरी ओढा. हळू. तोंड बाजूले घ्या."

फोनमधून 'फुस्स' असा आवाज आला आणि पाठोपाठ म्हातारीची किंकाळी. तेलाचा फवारा तिच्या लुगड्यावर गेला होता. "माय व! हिनं मले नाहवलं!"

"ओढत राहा," मी ओरडलो. बसस्टँडवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. "तेल येनं थांबत नाई तवर."

तिने किती वेळा ओढली ते मी मोजलं नाही. तेल थांबलं. प्लग पेट्रोलच्या फडक्याने पुसून परत बसवले, टोप्या दाबल्या, तेलाची काडी बघितली, नळी जोडली, गोळा दाबून नळीत पेट्रोल भरलं, क्लिप लावली. "आता ओढा," मी म्हणालो. दोरीचा सर्र असा आवाज आला आणि त्याच्यामागे इंजिनाचा.

"मिस्त्रीभाऊ, जळून राह्यली! निळा धूर!"

"जळू द्या. राह्यलेलं तेल हाय ते. निघा तुमी."

मी शटर तसंच टाकून मोटरसायकलला लाथ मारली. रस्ता जिथे पाण्यात उतरतो तिथे पोहोचून कान लावला. काही ऐकू येईना. मग बाभळीच्या शेंड्यांमागून निळसर धुराची एक रेघ सरकताना दिसली आणि तिच्या पुढे नाव. आवाज नंतर आला, अगदी हलका. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला मोटार ऐकू येण्याआधी दिसली होती.

म्हातारी तेलकट लुगड्यावर लाइफ जॅकेट घालून पुढे ताठ बसलेली. शेवंताबाई मागे, उजवा हात हँडलवर, नजर विजेच्या तारांवर. तारांच्या खालून मान वाकवून आली. नाव काठाला लागली तसा मी पाण्यात उतरून हात पुढे केला. तिच्या काखेत दवाखान्याची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत.

"बाजूले व्हा मिस्त्रीभाऊ," ती म्हणाली. "ऑटो थांबून हाय." आणि चिखल तुडवत गेली सुद्धा.

त्यानंतर किती पावसाळे झाले. त्या घरच्या ओसरीत आता पूर्वेच्या भिंतीजवळचा धानाचा कणगा हलवून मोटारीसाठी आडवी जागा केली आहे. तिथे डोकं पूर्वेला येतं आणि कूसही डावीच राहते. ही जागा म्हातारीनेच शोधली. यंदा मोटार माझ्याकडे घेऊन शेवंताबाई स्वतः आली होती. डॉक्टरांनी आता आठवड्याला तीन खेपा सांगितल्यात. चेहरा ओढला आहे, केस विरळ झालेत. मी मोटार तपासत होतो तेव्हा ती बाकावर बसून पाणी पीत होती, घोट मोजून, कारण पाणीही तिला मापानेच प्यावं लागतं. "तीन खेपा म्हंजे पावसाळ्यात लय होईन," मी म्हटलं. तिने गाळणी उजेडात धरली आणि म्हणाली, "ही बदलून द्या. कचरा दिसून राह्यला." गाळणी बदलून दिली. या बाईपुढे काळजीचं बोलणं वाया जातं.

पण त्या मंगळवारचं अजून थोडं राहिलंय. मी दुकानात परत गेलोच नाही. म्हातारी नाव सोडून जायला तयार नव्हती, म्हणून आम्ही दोघं दिवसभर तिथे बसून राहिलो. तिने पदरात बांधून आणलेले भाजलेले चणे मला दिले. मधेच विचारलं, "तुमच्यात कुठी डोस्कं करतेत?" मी म्हटलं, "आमच्यात पश्चिमेकडे पाय करत नाईत." तिने बराच विचार करून मान हलवली. "म्हंजे सगळ्याईलेच काईतरी हाय." पाण्यावरून फेसाचे पुंजके, एक फुटकी टोपली आणि कुणाच्यातरी दारची तुळस वाहत गेली.

साडेतीनच्या सुमाराला ऑटो आला. मशीनवरून उठल्यावर शेवंताबाई त्या दिवशी कुणाशी बोलत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखी पांढरी पडते. सासूने तिला हाताला धरून नावेत बसवलं, जॅकेट चढवलं. मी म्हणालो, "आता तुमी नुसत्या बसा. मी चालवतो." तिने मान हलवली, एवढंच.

मी मोटारीपाशी गेलो. चाळीस वर्षांची सवय. पाय काठाला रोवला, श्वास भरला आणि सगळं अंग मागे टाकून दोरी खेचली. आता या मोटारीला तेवढा जोर कुठे लागतो? ती पहिल्याच इंचाला सुरू झाली, आणि मी दोरीसकट मागे गेलो, काठावरून उलटा, पाय वर, थेट गढूळ पाण्यात. कमरेएवढंच पाणी होतं, पण टोपी गेली ती गेलीच. तोंड पुसून वर आलो तर नावेत काहीतरी हलत होतं. शेवंताबाई हसत होती. आवाज नाही, नुसते खांदे. मग आवाजही आला. डावा हात उजव्याने घट्ट धरून ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, पुरे व, पुरे, दम लागन. माझ्या कानातून पाणी गळत होतं आणि मलाही रडू फुटलं होतं, पण ओल्या तोंडावर ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

मी वर चढलो. हँडल धरलं. म्हातारीने नदीच्या अंगाला बघितलं. तिकडे आभाळ भरून आलेलं, काळं.

"शुक्रवारी पानी आखीन चढन म्हनतेत," ती म्हणाली.

शेवंताबाईने डोळे पुसले.

"चढू द्या," ती म्हणाली.